मंगलाष्टक रांगेत आहे

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. पेन ड्राइव्हची सूचना मला एकूण अकरा माणसांनी केली होती. त्यात माझी बायको उषा होती, लाउडस्पीकरवाले खाजाभाई होते, अंबरपेठच्या मंगल कार्यालयाचा वॉचमनसुद्धा होता. सगळी मंगलाष्टकं एका पेन ड्राइव्हवर भरा, स्पीकरला लावा आणि मोकळे व्हा, असं या अकराही जणांचं म्हणणं होतं. खाजाभाई तर हात जोडून म्हणाले, "साब, सीधा काम है, उसको टेढ़ा कायकू करते?" आता मी तीस वर्षं सिकंदराबादला रेल्वेत काढली. कुठली गाडी आधी सोडायची आणि कुठली बाजूला उभी करायची हे ठरवणं माझं काम होतं. अशा माणसाला वॉचमननं पेन ड्राइव्ह सुचवावा, याचा राग येणार की नाही तुम्हीच सांगा.

शिवाय प्रश्न साधा नव्हता. आमच्या योगिनीचं लग्न होतं, आणि आमच्या घराण्यात लग्न लागतं ते माझ्या आईच्या मंगलाष्टकावर. आई, म्हणजे सुशीलाबाई, वय चौऱ्याऐंशी. प्रत्येक लग्नाला ती नवं मंगलाष्टक रचते, सगळ्यांत शेवटी म्हणते, आणि तिच्या शेवटच्या शब्दाला अंतरपाट खाली येतो. अशी एकोणीस लग्नं तिनं लावली. माझंही त्यातच आलं, म्हणून उषा अजून कधी कधी आईकडे रोखून बघते. विसावं लग्न सख्ख्या नातीचं, आणि नेमका तिचा घसा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, बोलायचं ते हळू, आणि गाणं तर विसराच. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बसक्या आवाजात मला म्हणाली, "नाम्या, अंतरपाट माझ्या शब्दावर पडला पाहिजे. कसा ते तू बघ."

म्हणून मी तिचं मंगलाष्टक घरीच रेकॉर्ड केलं. हैदराबादेत, आमच्या चिक्कडपल्लीत, शांतता ही चीज मिळत नाही, तेव्हा पंखे बंद, खिडक्या बंद, आई पलंगावर आणि मी घामाघूम, अशा स्थितीत एकतिसाव्या वेळेला ते नीट उतरलं. हळू आवाजातच म्हटलं होतं, पण सुरात होतं. शेवटची ओळ होती, "भांडा गोड जरा, उगाच न रुसा, कुर्यात् सदा मंगलम्". मला ती ओळ ऐकताना कसंतरीच झालं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण उषाने ही बातमी फोनवर माझ्या बहिणीला, प्रियदर्शिनीला, सांगितली. प्रियदर्शिनी नांदेडला असते आणि तिला गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही. ती म्हणाली, आईचं रेकॉर्डिंग चालतं तर मग माझं का नाही? तिचं घेतल्यावर लातूरच्या काकूंचं घ्यावं लागलं. काकूंचं घेतल्यावर त्यांच्याशी गेली सात वर्षं न बोलणाऱ्या दुसऱ्या काकूंचं घेणं भागच होतं. पंधरा दिवसांत माझ्या कंप्युटरवर सत्तावीस मंगलाष्टकं जमा झाली. त्यातलं एक पुण्याच्या विहीणबाईंचं, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाच्या आईचं, वैशालीबाईंचं. ते सात मिनिटांचं होतं, आणि त्यात मागे तबला होता. सोबत त्यांनी निरोप पाठवला की हैदराबादकडे मराठी मंगलाष्टकं म्हणायची पद्धत आहे हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. हे "बरं वाटलं" मी दोन दिवस चघळत होतो.

आणि लग्नाला येऊ न शकणाऱ्या प्रत्येकाला आपलं मंगलाष्टक हॉलमध्ये वाजताना घरबसल्या ऐकायचं होतं. हे पेन ड्राइव्हला कसं जमणार? तेव्हा मी शोध लावला बॉटचा.

बॉट म्हणजे काय, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. फोनवर गप्पा मारायचा एक ग्रुप करायचा. त्यात एक बोलायची खोली असते. त्या खोलीत माणसं शिरून एकमेकांचा आवाज ऐकतात. त्या खोलीत माणसांसारखाच एक यांत्रिक गडी ठेवायचा. ग्रुपवर लिहायचं, "वाजव अमुक," की तो आपल्या घरच्या कंप्युटरमधली फाइल उचलून खोलीत वाजवतो, आणि खोलीत असलेल्या सगळ्यांना ती एकदम ऐकू येते. कुणा परदेशी सद्गृहस्थाने हा प्रोग्राम फुकट देऊन ठेवला आहे. मी तो उतरवून घेतला, त्याचे सगळे इंग्रजी निरोप काढून मराठी घातले आणि त्याचं नाव ठेवलं मंगलराव. यात माझे अठरा दिवस गेले आणि चष्म्याचा नंबर वाढला.

तुम्ही म्हणाल, घरात कुणी जाणतं नव्हतं का? होतं. आमचा होणारा जावई सौरभ माधापूरला सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्याने हे पंधरा मिनिटांत केलं असतं. पण जावयाला काम सांगायचं? लग्नाआधी? उद्या वैशालीबाई पुण्यात सांगत फिरल्या असत्या की मुलीच्या बापाने नवरदेवाकडून स्पीकर लावून घेतला. योगिनी तीनदा म्हणाली, "बाबा, त्याला विचारा ना, तो आनंदाने करेल." मी तिला सांगितलं की हा आनंदाचा प्रश्न नाही, रीतीचा आहे. तिने कपाळावर हात मारला. तिची पिढी मराठी वाचतानाच अडखळते, त्यांना रीत काय समजणार?

आता मंगलराव राहणार माझ्या घरच्या कंप्युटरवर, चिक्कडपल्लीत, आणि लग्न अंबरपेठला. म्हणजे ऐन मुहूर्तावर घरची वीज गेली की मंगलराव गप्प. समोरच्या फ्लॅटमधले यादगिरी गारू (तेलुगूत गारू म्हणजे आपलं राव) देवमाणूस, ते म्हणाले, "क्यों टेन्शन लेते गारू, मेरे इन्वर्टर का वायर खींच लो." वायर ओढायची म्हणजे जिन्यावरून न्यायची, आणि जिना येतो सोसायटीच्या अखत्यारीत. सोसायटीचे सेक्रेटरी हिम्मतराव. हे गृहस्थ महसूल खात्यातून निवृत्त झाले, पण महसूल खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी माझ्याकडून तीन प्रतींत अर्ज घेतला. वायर का, किती फूट, कुठल्या रंगाची, तात्पुरती की कायम. "मंगलराव" हा इसम कोण, तो फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे का, असल्यास पोलिसांकडे नोंद केली का, असा एक शेराही त्यावर मारला. मी त्यांना बॉट समजावून सांगितला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी अर्जावर लिहिलं, "इसम निर्जीव. हरकत नाही."

मात्र एक अट घातली. वायरवर कुणीतरी जबाबदार माणसाने लक्ष ठेवलं पाहिजे, आणि जबाबदार माणूस म्हणजे तेच. लग्नाच्या दिवशी ते माझ्या घरात, कंप्युटरसमोर खुर्ची टाकून बसणार असं ठरलं. मला भरून आलं. भरात मी त्यांना सांगून बसलो की काहीही झालं तरी हे यंत्र बंद करायचं नाही, अगदी माझा फोन आला तरी. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

आता मी केलेली मुख्य चूक. ती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना काकू नसतात. बॉटला हुकूम द्यायचा अधिकार फक्त ॲडमिनला असतो. सुरुवातीला ॲडमिन मी एकटा होतो. मग विहिणीचा मान म्हणून वैशालीबाईंना केलं. हे प्रियदर्शिनीला ग्रुपवर दिसलं. तिचा फोन आला की सख्ख्या आत्यापेक्षा परकी विहीण जवळची झाली, चालू द्या. तिला केलं. मग लातूरच्या काकूंना केलं, आणि काकूंना केलं म्हणून दुसऱ्या काकूंना. लग्नपत्रिकेत नावं घालताना जे होतं तेच इथे झालं. आठवड्याभरात ग्रुपवरची सगळीच्या सगळी बेचाळीस माणसं ॲडमिन होती. अधिकार दिले तर वापरता यायला हवेत, म्हणून मी न्यायाने सगळ्यांची शिकवणीही घेतली. "वाजव" म्हटलं की फाइल रांगेत शेवटी लागते, "आधी वाजव" म्हटलं की रांगेत पहिली घुसते, "थांब" म्हटलं की थांबते, "चाल" म्हटलं की परत सुरू होते. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी कृतार्थ झालो.

कार्यक्रम असा आखला होता. मुहूर्त अकरा सत्तेचाळीसचा. त्याआधी नऊ मंगलाष्टकं लावायची, बाकीची अठरा संध्याकाळच्या स्वागत समारंभाला. नवव्या नंबरला आई. तिचा शेवटचा शब्द, सावधान, आणि अंतरपाट खाली. मी रेल्वेतल्यासारखा सेकंदांचा तक्ता केला होता.

लग्नाच्या दिवशी माझा फोन वायरने खाजाभाईंच्या मशिनला जोडला. योगिनी आणि सौरभ समोरासमोर उभे, मध्ये भटजींनी धरायला लावलेला अंतरपाट, आई पहिल्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर अक्षतांची वाटी. हॉलमधली मंडळीही फोन काढून खोलीत शिरली, कारण खोलीत कोण कोण हजर आहे ते नावानिशी दिसतं आणि आपलं नाव नसलं तर चर्चा होते. मी लिहिलं, "वाजव." पहिलं मंगलाष्टक खणखणीत वाजलं. अक्षता पडल्या. पुण्याची मंडळी माना डोलवायला लागली. वैशालीबाई माझ्याकडे पाहून हसल्या. आयुष्यातली ती तीन मिनिटं मी कधी विसरणार नाही, कारण चौथ्या मिनिटाला सगळं बिघडलं.

दुसरं म्हणून लागायला हवं होतं मामींचं. लागलं लातूरच्या काकूंचं. काकूंचं खरं तर संध्याकाळच्या यादीत होतं. मी फोन पाहिला. काकूंनी लातूरहून हुकूम सोडला होता, "आधी वाजव." खाली दुसऱ्या काकूंचा हुकूम, "आधी वाजव." त्याखाली प्रियदर्शिनी, त्याखाली न्यू जर्सीहून माझा मावसभाऊ दिलीप, त्याखाली आणखी सात जण. मी "थांब" लिहिलं. मंगलराव थांबला. नांदेडहून प्रियदर्शिनीने लिहिलं, "चाल." तो चालायला लागला. मी परत थांबवला. हॉलमध्येच तिसऱ्या रांगेत बसलेल्या कुणीतरी माझ्या पाठीकडे बघत तो परत चालू केला.

मी मंगलरावाला विचारलं, सुशीलाबाई कुठे आहेत? त्याने मीच शिकवलेल्या शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "आपले मंगलाष्टक रांगेत आहे. क्रमांक सत्तावीस. कृपया प्रतीक्षा करावी."

इकडे लग्न अडकलं. मंगलाष्टक चालू असताना अंतरपाट काढत नाहीत आणि मंगलाष्टक अर्ध्यात तोडायचं नसतं, यावर भटजी ठाम होते. आणि एक संपलं की दुसरं एका सेकंदात सुरू. अक्षता संपल्या. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांकडे अक्षता मागितल्या, त्या संपल्यावर खाली पडलेल्या गोळा करून मारायला सुरुवात झाली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले, तेव्हा माणसं बदलली. मग वैशालीबाईंचं लागलं, तबल्यासकट, सात मिनिटं. त्यांच्या मिस्टरांनी, अनिलरावांनी, सोयीची एक खुर्ची शोधली आणि डोळे मिटले.

मी उषाच्या फोनवरून हिम्मतरावांना फोन लावला आणि कंप्युटर बंद करा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, तुमचा फोन आला तरी बंद करायचा नाही असं तुम्हीच सही करून दिलंय. मी म्हटलं, तीच सही मी आता मागे घेतो. ते म्हणाले, लेखी द्या. मी म्हटलं, मुलीचं लग्न अडलंय हो. यावर पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाले, "नामदेवराव, मला वाईट वाटतंय. पण अर्ज एका प्रतीतसुद्धा चालेल, एवढंच मी करू शकतो."

घड्याळात अकरा चव्वेचाळीस झाले होते. मी आईकडे पाहिलं. तिची अक्षतांची वाटी भरलेलीच होती. तिने एकही दाणा टाकला नव्हता, आपल्या पाळीसाठी राखून ठेवला होता. तिने मला जवळ बोलावलं आणि अंतरपाटाकडे हात करून हळूच म्हणाली, "त्या पोराला विचार की." मी म्हटलं, आई, तो जावई आहे. ती म्हणाली, "अजून कुठे झालाय? अशाने होणारपण नाही."

मग मी तो अपमान गिळला. अंतरपाटाच्या कडेने तोंड आत घालून, मुंडावळ्या बांधलेल्या त्या मुलाला विचारलं की बॉट बंद कसा करायचा. सौरभने शांतपणे मंडपाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "बाबा, बॉट राहू दे. स्पीकरची वायर काढा."

अठरा दिवसांत हा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता. खाजाभाईंना खूण केली. ते वायरवर हात ठेवून दबा धरून बसले, कारण मंगलाष्टक मध्येच तोडायचं नव्हतं आणि मधला वेळ एका सेकंदाचा होता. पहिल्या खेपेला त्यांचा सेकंद हुकला आणि शिंदे मावशींचं पूर्ण ऐकावं लागलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी बरोबर उपटली. स्पीकर गप्प झाला आणि हॉलभर लोकांचा गलका उठला. भटजींनी त्या गलक्यातच "तदेव लग्नं" घाईने म्हटलं, अंतरपाट खाली आला, अकरा सत्तेचाळीसला नव्हे पण पन्नासच्या आत लग्न लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाकायला काही उरलं नव्हतं.

आईने तिची वाटी उषाच्या हातात दिली आणि म्हणाली, जाऊ दे, लागलं ना नीट. एवढंच म्हणाली. ओरडली असती तर मला परवडलं असतं. अंतरपाट पडला होता, आणि तिच्या शब्दावर पडला नव्हता. मी भटजींना दक्षिणा देताना, फोटो काढताना, पाहुण्यांना या-बसा करताना हसत होतो आणि आतून पार ओशाळलो होतो. वैशालीबाईंनी विचारलं, हैदराबादकडे इतका वेळ लागतो का नेहमी? मी त्यांच्यापुढे पेढ्यांचं ताट धरलं.

सव्वा वाजता आम्ही घरची माणसं जेवायला बसलो. एका बाजूला नवराबायको, शेजारी आई, समोर वैशालीबाई आणि अनिलराव. बगारा खाना वाढला होता, वैशालीबाई त्याला मसालेभात समजून वांगं शोधत होत्या. आणि अनिलरावांच्या खिशातून आवाज आला.

आवाज आईचा होता.

मग उषाच्या पर्समधून आला. मग शेजारच्या टेबलावरून, मागून, वाढप्याजवळ उभ्या असलेल्या मामांच्या खिशातून. काय झालं होतं ते मला लगेच कळलं. खोलीत शिरायचं कसं हे मी सगळ्यांना शिकवलं होतं, बाहेर पडायचं कसं हे शिकवायचं राहून गेलं होतं. स्पीकर बंद झाला तरी मंगलराव चिक्कडपल्लीत हिम्मतरावांच्या पहाऱ्यात इमानाने वाजवतच होता, आणि दीड तासाने सुशीलाबाईंचा नंबर लागला होता. मांडवाच्या गोंधळात कुणाला ऐकू गेलं नव्हतं, जेवताना सगळे गप्प झाले तेव्हा ऐकू आलं. तिचा तो हळू, बसका, सुरातला आवाज सगळ्या हॉलभर लोकांच्या खिशांतून येत होता. वाढपी भात घेऊन जागच्या जागी थांबला.

वैशालीबाई उठल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. त्यांनी सौरभच्या खांद्यावरचा शेला ओढून घेतला, एक टोक उषाच्या हातात दिलं, आणि जेवणाच्या टेबलावर नवरानवरीच्या मध्ये तो ताणून धरला. "नामदेवराव, बघत काय बसलात? अक्षता घ्या," म्हणाल्या. अक्षता कुठून आणणार? त्यांनी स्वतःच्या ताटातला बगारा चिमटीत धरला. मीही धरला. सगळ्यांनी धरला. खिशांतून ओळ आली, "भांडा गोड जरा, उगाच न रुसा, कुर्यात् सदा मंगलम्". शेवटच्या शब्दाला विहीणबाईंनी आणि उषाने शेला सोडला, आणि चारी बाजूंनी तेलकट भात पडला. योगिनीच्या शालूवर पडला, सौरभच्या मुंडावळ्यांत अडकला, एक लवंग अनिलरावांच्या चष्म्यावर बसली. आईने उषाकडून आपली वाटी मागून घेतली आणि खऱ्या अक्षता दोघांच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. मी उघड उघड रडलो. लाज वाटली नाही.

जरा वेळाने आई म्हणाली, "आणखी एकदा लाव की रे." रांगेत तोवर आणखी तेहतीस जण घुसले होते. मी मुकाट्याने जावयाकडे वळलो आणि म्हटलं, सौरभराव, तेवढं जरा बघता का? त्याने हात पुसले आणि मला सांगितलं की त्याला बघता येणार नाही, कारण दोन्ही घरचे सगळे त्या ग्रुपवर आहेत, फक्त त्यालाच मी घेतलेलं नाही. काम पडेल म्हणून घेतलं नव्हतं. मी त्याला तिथल्या तिथे घेतला आणि ॲडमिन केला. त्याने एका मिनिटात रांग पुसली, आईचं पुन्हा लावलं, आणि बेचाळीस जणांचे अधिकार काढून एकट्या आईला दिले.

त्यावरून सुरू झालेले रुसवे अजून चालू आहेत. लातूरच्या काकू आणि दुसऱ्या काकू मात्र एकमेकींशी बोलायला लागल्या, कारण दोघींना माझ्याविषयी बोलायचं होतं. आईला मी जुना फोन दिला आहे. रोज सकाळी सात वाजता ती स्वतः मंगलरावाला हुकूम देते, आपलं मंगलाष्टक लावते, आणि खोलीत कोण कोण आलंय याची नावं वाचून हजेरी घेते. न येणाऱ्याला फोन करून कारण विचारते. पुण्याहून वैशालीबाई रोज सातला पाच मिनिटं असतानाच येऊन बसलेल्या असतात.